हॉट प्रेससमोरची साक्ष

त्या बुधवारी सकाळी आईंनी मला शेवटचं विचारलं, "रश्मी, माही तारीख आली का वं?" माझ्या एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग, आणि मी पायानेच बूट ओढत होते. जराही न अडखळता म्हणाले, "नाही आई, अजून नाही." त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, खाली नऊवारी आणि अंगात माझ्या नवऱ्याचं, प्रमोदचं जुनं जॅकेट. "आली का सांगजो," म्हणाल्या आणि आत वळल्या. साडेअकराच्या सुमारास, बॉल्सब्रिजच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना, शेजारच्या टॉमचा फोन आला. टॉम कधी फोन करत नाही, त्याला काही सांगायचं असलं की तो कुंपणावरून हाक मारतो. "तुझी सासू कालव्याच्या बाकावर बसली होती," तो म्हणाला. "मी हाक मारली, पण... अँब्युलन्स आली आहे. तू ये." मी नास गावच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फार त्रास झाला नसणार, असं तिथली नर्स माझा हात धरून म्हणाली. गेले सात आठवडे भेटायला येणारा प्रत्येक जण मला तेच ऐकवतोय... भाग्यवान होत्या, अंथरुणाला खिळल्या नाहीत, मुलाच्या घरी गेल्या. हे सुरू झालं की मी उठून भांडी घासायला जाते. घासलेली भांडी पुन्हा घासते.

आई म्हणजे अनुसयाबाई, माझ्या सासूबाई. माहेर-सासर दोन्ही वर्धा जिल्ह्यातलं, नदीकाठचं. प्रमोद, त्यांचा एकुलता एक मुलगा, इथे आयर्लंडमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी पुण्याची. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या बोलल्या की मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायचे, हेही सांगून टाकते, कारण आज काहीच लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे. त्यांच्या तोंडी डोळ्याचा डोया व्हायचा आणि सकाळची सकाय. आमची आठ वर्षांची ईरा इथेच वाढली, मराठी समजतं पण उत्तर आयरिश थाटाच्या इंग्रजीत देते. गंमत म्हणजे आजी-नातीचं एकमेकींशी कधी काही अडलं नाही. अडायचं ते माझं.

त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आजची नाही, फार जुनी. नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यात दुकानं उघडी. म्हणजे मधला पूल ज्याच्या ताब्यात, त्याचं राज्य. आईंच्या गावात त्या माणसाला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'पुलावाला' म्हणत. पुलाच्या दोन्ही तोंडांना त्याचे खबरे, मोटरसायकलींची रांग, दुधाच्या कॅनमध्ये बाटल्या, आणि गावाच्या नाल्यात पुरलेले सडव्याचे ड्रम. सडवा म्हणजे भट्टीवर चढवण्याआधी कुजत घातलेली मोहफुलं. माझे सासरे गावच्या शाळेत गुरुजी होते. शाळेमागच्या नाल्यातून येणाऱ्या वासाने पोरं वर्गात ओकायची. गुरुजी अर्जामागून अर्ज लिहीत राहिले, आणि ते गेल्यावर वर्षभरात आईंनी घरातला लोखंडी गज उचलला. त्यांची पद्धत ठरलेली होती. काठाकाठाने गज टोचत चालायचं. नुसती माती असली की गज खरखरतो, खाली ड्रम असला की वेगळं लागतं. "हाताले कयते," त्या म्हणायच्या. ड्रम उघडा करायचा, पालथा करायचा आणि पुढे निघायचं. शिव्या द्यायच्या नाहीत हा त्यांचा नियम. "शिव्या देल्ल्या का दम जाते," म्हणायच्या. हळूहळू त्यांच्यामागे सहा बायका झाल्या.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या सातजणी पुलावर एक गाडी अडवायला उभ्या राहिल्या, आणि पुलावाल्याने त्यांच्या अंगावर जीप घातली. सिंधू नावाची बाई जागच्या जागी गेली. मी तिला एकदाच भेटले होते, तिने मला ज्वारीची भाकरी थापायला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि माझी भाकरी बघून पदर तोंडाला लावून हसली होती. बाकीच्या बायकांनी जबाबात लिहून दिलं, आम्ही मागे होतो, आम्हाला दिसलं नाही. आईंची सगळ्यात जवळची कौसल्या, कायम त्यांच्या शेजारी गज धरून चालणारी, तिनेही तेच लिहून दिलं. मी इथून फोनवर तावातावाने म्हणाले होते, "असं कसं दिसलं नाही?" आई शांतपणे म्हणाल्या, "तिले दोन पोरी हायेत." एवढंच. तेव्हा डोळ्याने पाहिल्याचं सांगणारी साक्षीदार एकच उरली. मग आईंच्या दाराच्या कडीला बाटल्या लटकू लागल्या. रिकामी बाटली, तिच्यात नदीची वाळू भरलेली. चिठ्ठी नाही, धमकी नाही. दर आठ-दहा दिवसांनी एक.

प्रमोद तेव्हापासून झोपत नव्हता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला, ईराला आजी पाहिजे म्हणून, तीन महिन्यांसाठी. आईंनी एकच अट घातली होती: कोर्टाची तारीख लागली की दुसऱ्या दिवशी विमानात बसवायचं. प्रमोद "हो माय" म्हणाला. मी तिथेच होते, मीही मान हलवली.

आमच्या घरात जिन्याच्या माथ्यावर एक कपाट आहे, त्यात गरम पाण्याची टाकी आणि भोवती फळ्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि हे हॉट प्रेस, टॉवेल वाळत घालायचं. आई आल्या तशा थंडीने गारठल्या होत्या. साऱ्या घरात त्यांना आवडलेली जागा ती एकच. आपली कापडी बॅग त्यांनी त्याच कपाटात ठेवली, कोर्टात नेसायचं लुगडं घडी करून तिच्यात सगळ्यात वर. बॅग कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. रोज आंघोळ झाली की त्या त्या कपाटापुढे उभ्या राहायच्या, दारावर उजवा तळवा टेकवायच्या आणि साक्षीची उजळणी करायच्या. "मी अनुसया. खरं सांगीन, खोटं सांगनार नाई..." मला वाटायचं देवाचं काही म्हणताहेत. चौथ्या-पाचव्या दिवशी, बाथरूममध्ये दात घासताना, मी शब्द ऐकले. मग रोज ऐकत राहिले. ब्रश तोंडात, दार अर्धं उघडं.

चालणं त्यांचं जबरदस्त. कालव्याच्या काठाने रोज तास-दीड तास, हातात कुठूनशी उचललेली फांदी, आणि ती फांदी दर चार पावलांना जमिनीत टोचायची. ईरा शाळेतून आल्यावर बरोबर जायची आणि तीही टोचायची. इथपर्यंत ठीक होतं. ऑक्टोबर संपत आलेला. मी घरून काम करत होते, कॅमेरा चालू, समोर अमेरिकेतले दोन साहेब, आणि मागच्या खिडकीतून मला दिसलं की आईंनी पदर खोचलाय आणि त्या टॉमच्या शेडमध्ये शिरताहेत. मी "एक मिनिट" म्हणून धावले. शेडच्या दारातून गढूळ पिवळ्या पाण्याचा लोट बाहेर येत होता, त्यात सफरचंदाच्या साली. एक ड्रम पालथा झाला होता आणि आई दुसऱ्याला हात घालत होत्या. "आई, अहो, त्याच्या घरचं आहे ते! इथे चालतं!" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सडवा हाये," म्हणाल्या. "मले शिकवू नोको." तेवढ्यात टॉम आला. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर घोड्यांच्या तबेल्यात काम केलेला माणूस. वर्षभराची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पायाखालून वाहताना बघत उभा राहिला. मी लाजेने अर्धी झाले होते. माफी मागत मागत, इंग्रजीची पार वाट लावत, मी त्याला गज, नाला, पूल सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग ड्रम सरळ करून म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल', "मला डॉक्टरांनी तशीही बंद करायला सांगितली होती." आईंना कळेना की हा चिडत का नाही. घरी आल्यावर म्हणाल्या, "थो मानूस घाबरला नाई. म्हंजे खरंच त्याची घरचीच असन." आणि संध्याकाळी ईराच्या हातून त्याला सहा बेसनाचे लाडू पाठवले.

त्याच आठवड्यात गावच्या पोलीस चौकीतून प्रमोदला फोन आला. आईंच्या साक्षीची तारीख लागली होती, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. आईंना कळण्याचा मार्गच नव्हता. त्यांचा फोन इथे चालत नव्हता... चालत नव्हता म्हणजे आम्ही चालू करून दिला नव्हता. आई ईराला घेऊन कालव्यावर गेल्या होत्या. प्रमोद स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. "मला माय जिवंत पाहिजे, रश्मी," तो म्हणाला. "न्याय वगैरे नंतर. ती तिथे गेली की ते तिला सोडणार नाहीत." मी त्याच्याशी भांडले नाही. भांडायला हवं होतं का, याचं उत्तर मी रोज वेगळं देते. इथून व्हिडिओवर साक्ष देता येईल का, हे विचारण्याइतकी अक्कल आम्हा दोघांनाही होती, आम्ही दिवसभर दुसरं करतो काय? पण आम्ही विचारलं नाही, कारण साक्ष झाली की त्यांना तिथे परत जायचंच होतं. माझं मराठी चांगलं म्हणून सरकारी वकिलांना पत्र मी लिहिलं. 'साक्षीदार श्रीमती अनुसयाबाई यांची प्रकृती अत्यंत नाजूक असून त्यांना प्रवास करणे शक्य नाही.' शुद्धलेखन तपासलं. पाठवलं. खिडकीतून दिसत होतं, अत्यंत नाजूक प्रकृतीच्या श्रीमती अनुसयाबाई नातीला मागे टाकून झपाझप घराकडे येत होत्या.

मग रोजचं सुरू झालं. "तारीख आली का?" "नाही आई." कधी प्रमोदने सांगायचं, कधी मी. कोर्टाची कामं अशीच असतात, न्यायाधीश बदलले, वकील रजेवर आहेत... मला इतकं सुचत गेलं की माझीच मला भीती वाटली.

नोव्हेंबरच्या शेवटी टॉम एका रविवारी काठी घेऊन आला. काळ्या काटेरी झुडपाच्या लाकडाची, त्याच्या वडिलांची. फांद्या मोडत फिरते ही बाई, हिला नीट काठी हवी, असं त्याचं म्हणणं. चहा झाला आणि तो रंगात आला. त्याच्या आजोबांची पश्चिमेकडच्या डोंगरात चोरून भट्टी होती, बार्लीची. "तुझ्या सासूने ती आठवड्यात शोधून काढली असती," तो मला म्हणाला. आईंना सांगितल्यावर त्या खूष झाल्या. मग टॉम जरा गंभीर होऊन म्हणाला, तिथे गार्डांपुढे, म्हणजे पोलिसांपुढे, कोणी तोंड उघडायचं नाही; 'खबऱ्या' ही आमच्याकडे सगळ्यात वाईट शिवी; ही बाई कोर्टात उभी राहणार, तिला तसं काही वाटत नाही का? मी भाषांतर केलं. आई काठी मांडीवर आडवी धरून म्हणाल्या, "खबऱ्या पैसे घेऊन कानात सांगते. मी त्याच्या तोंडावर सांगीन, सगळ्याइच्या समोर. पुलावाल्याले गुरुजींनी पाढे शिकवले, मी त्याले आमच्या वसरीवर जेऊ घातलं. सिंधू तं आता बोलू शकत नाई. कोनी तरी बोलाले पायजे का नाई?" मी तेही सांगितलं. टॉमने मान हलवली आणि विचारलं, "कधी आहे तारीख?" मी आईंना विचारलं. त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिले मालूम. हे सांगन तवा." तारीख होऊन सहा दिवस झाले होते. मी टॉमला म्हणाले, "पुढच्या महिन्यात, बहुतेक." टॉमने आईंचं माझ्याकडे वळलेलं बोट बघितलं, मग माझं तोंड. त्याने आणखी काही विचारलं नाही, चहासाठी आभार मानून तो उठला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या ऑफिसची पार्टी होती, बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात. विषय होता अमेरिकेतली दारूबंदी. पुरुषांनी तिरक्या टोप्या घालायच्या, खोट्या बंदुका घ्यायच्या, बायकांनी झालरीचे फ्रॉक आणि डोक्याला पीस. मी तो सगळा अवतार करून जिना उतरले. आई ईराच्या केसांना तेल लावत होत्या. "कोन्या नाटकात हायेस?" मी सांगितलं, अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी दारू बंद होती, तेव्हा अशा टोळ्या होत्या, चोरून विकायच्या, एकमेकांना मारायच्या, त्याची ही गंमत. त्या माझ्या डोक्यावरच्या पिसाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हे लोक कोट घालून मारत होते," म्हणाल्या. "आमचा पुलावाला बनियनवर बसते." मग विचारलं, "त्याइच्या इकडच्या बायाइनं साक्ष देल्ली होती का?" मला माहीत नव्हतं. पार्टीत मी कोपऱ्यात बसून होते. एका सहकाऱ्याने गंमत म्हणून माझ्यावर खोटी बंदूक रोखली आणि मी त्याच्यावर ओरडले, चांगली जोरात. मी टॅक्सी करून घरी आले आणि ठरवलं, शनिवार-रविवारात प्रमोदशी बोलायचं, आईंना सगळं सांगायचं, व्हिडिओचं विचारायचं. शनिवारी ईराला ताप आला. रविवारी प्रमोदची शिफ्ट होती. सोमवारी, मंगळवारी... आणि मग तो बुधवार.

मागच्या आठवड्यात प्रमोद अस्थी घेऊन गावी गेला, त्याच पुलाखाली त्या सोडल्या. मी ईराच्या शाळेमुळे मागे राहिले. तिथून त्याच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल आला. समोर कौसल्या होती. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. आधी आईंबद्दल बोलली, मग म्हणाली, "तारखेले आमी सगळ्या गेलो होतो वं कोर्टात. बाकावर मायची जागा धरून बसलो. वकील म्हने बिमार हाये. मंग मी म्हनलं, माय अन् बिमार?" मी जिन्याच्या माथ्यावर उभी होते. मला खोटं बोलायचे सगळे मार्ग सुचले, इतक्या दिवसांचा सराव होता. मी सांगून टाकलं. पत्र मी लिहिलं, आजारी नव्हत्या, तारीख त्यांना सांगितलीच नाही, शेवटच्या सकाळपर्यंत सांगितली नाही. मग ती म्हणाली, "आता माह्या दारावर बाटली लटकते. परवाची दुसरी." आणि पुढे, "माय काय सांगनार होती, थे मालूम हाये का तुले?"

मालूम होतं. पन्नासेक सकाळी ऐकलं होतं. कोर्टात त्याला काही किंमत नाही, मी तिथे नव्हते, मी फक्त दात घासत होते. पण मी म्हणायला लागले, आणि माझ्या नकळत माझ्या तोंडून आईंचेच शब्द आले, मी कधीकाळी दुरुस्त करायचे तेच. "मी अनुसया. खरं सांगीन, खोटं सांगनार नाई. सकायची येळ होती. पुलावर आमी सात बाया होतो. पांढरी जीप आली. चालवनारा पुलावालाच होता, मी त्याले लहानपनापासून वळखतो. जीप सिंधूच्या आंगावर आली, मांगं गेली, अन् पुन्ना आली. दोनदा आली थे मी माह्या डोयानं पाह्यलं. पुढचं मी नाई पाह्यलं, माहा चष्मा पडला होता."

"तिसऱ्या खेपेलेही आली," कौसल्या म्हणाली.

जबाबात ती सगळ्यांच्या मागे होती, तिला काहीच दिसलं नव्हतं.

"पुढची तारीख वीस दिवसावर हाये," ती सावकाश म्हणाली. नका जाऊ, कौसल्याबाई, तुम्हाला दोन मुली आहेत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आलं आणि मी ते गिळलं. एका बाईच्या वतीने माझं ठरवून झालं होतं, दुसरीच्या वतीने ठरवायला जीभ उचलली नाही. हे बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळलेलं नाही आणि त्यामुळेच झोप नाही. फोन ठेवल्यावर मी सरकारी वकिलांना दुसरं पत्र लिहिलं, त्यात पहिलं पत्र खोटं होतं असं लिहिलं, आणि कौसल्येला संरक्षण द्या अशी विनंती केली. उत्तर यायचंय. हे सगळं इथे लिहितेय तेही कौसल्येला विचारून, आणि नावं सगळी बदलून, माझं धरून. "लिही," ती म्हणाली, "लपवून काय झालं?"

पण ते नंतरचं. त्या कॉलवर तिने पदराने तोंड पुसलं, फोन कशाला तरी टेकवून उभा केला आणि म्हणाली, "आता मी म्हनतो. तू आयक. चुकलं तं टोकजो." आईंची बॅग अजून हॉट प्रेसमध्येच आहे, वर ते घडी केलेलं लुगडं, शेजारी टॉमची काठी. माझा हात कधी त्या दारावर टेकला मला कळलं नाही. तिकडे कौसल्येने घसा साफ केला. "मी कौसल्या," ती म्हणाली. "खरं सांगीन..."

दार गरम होतं. मी हात काढला नाही.